घरकुलाचा पैसा कोठून येतो?

दिवाळीची सुट्टी संपून आपले वसतिगृह पुन्हा गजबजते, त्याच सुमारास पाड्यांवरची घरे रिकामी होऊ लागतात. भातकापणी आटोपली की हरसूल परिसरातील कोकणा, महादेव कोळी, वारली, कातकरी कुटुंबे आणि त्यांच्या शेजारी राहणारी बौद्ध कुटुंबेही वाघेरा घाट ओलांडून गिरणाऱ्याच्या मजूर बाजारात उतरतात. तेथून कोणी द्राक्षबागेत जाते, तर कोणी नाशिकमध्ये उभ्या राहणाऱ्या इमारतींवर वाळू-सिमेंट वाहते. मुले येथे राहतात म्हणून त्यांचे शिक्षण तुटत नाही. घर मात्र सहा-सहा महिने कुलपात राहते, आणि ज्यांच्या दाराला कुलूप लावण्याजोगी कडीही नाही, त्यांचे नुसतेच पडून राहते.

अशाच एका वर्षी इतिहासाच्या तासाला आठवीतील एका विद्यार्थ्याने मला विचारले, "सर, आमचे घरकुल यादीत आले आहे. पण ते पैसे नेमके कोणाचे?" वर्गातून लगेच उत्तरे आली. कोणी म्हणाले सरपंचांचे, कोणी म्हणाले बँकेचे, एकजण म्हणाला, "ज्या साहेबाची सही असते त्याचे." मी त्या वेळी दोन वाक्यांत काहीतरी सांगून पुढच्या धड्याकडे वळलो. ते उत्तर अपुरे होते, ही जाणीव मनात राहिली. स्मरणिकेच्या निमित्ताने त्या प्रश्नाचे सविस्तर उत्तर देण्याचा हा प्रयत्न आहे. ज्याला पैसा कोणाचा हे ठाऊक नसते, तो घराकडे उपकार म्हणून पाहतो. ज्याला ठाऊक असते, तो हिशेब विचारू शकतो.

बाबासाहेबांचा एक विसरलेला ग्रंथ

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना आपण राज्यघटनेचे शिल्पकार म्हणून ओळखतो. परंतु त्यांच्या विद्वत्तेचा पाया अर्थशास्त्राचा होता, आणि त्यातही सार्वजनिक वित्तव्यवहाराचा. कोलंबिया विद्यापीठात पीएच.डी.साठी त्यांनी केलेले संशोधन १९२५ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेची उत्क्रांती हा त्याचा विषय. त्यांचे गुरू प्रा. सेलिग्मन यांनी त्याला प्रस्तावना लिहिली. हा ग्रंथ आपल्या वस्त्यांमध्ये फारसा वाचला जात नाही, कारण तो आकड्यांचा ग्रंथ आहे. पण आपल्या ग्रामपंचायतीचे अंदाजपत्रक समजून घ्यायचे असेल तर त्याच्याइतका चांगला वाटाड्या नाही.

१८३३ च्या सनदी कायद्याने सर्व आर्थिक सत्ता केंद्राकडे गोळा झाली होती. प्रांतांनी खर्च करायचा आणि केंद्राने पैसा द्यायचा, अशी ती पद्धत. ती हळूहळू कशी सैल झाली, हे बाबासाहेबांनी तीन टप्प्यांत दाखवले आहे. १८७१ पासून पहिला टप्पा सुरू झाला. त्यात प्रांताला काही खाती सोपवून त्यांच्यासाठी ठरावीक रक्कम नेमून दिली जात असे. १८७७ पासून दुसऱ्या टप्प्यात रकमेबरोबर उत्पन्नाची काही साधनेच प्रांताच्या हवाली झाली. १८८२ पासून तिसऱ्या टप्प्यात केंद्र आणि प्रांत यांच्यात उत्पन्नाची वाटणी होऊ लागली. साध्या भाषेत सांगायचे तर आधी हातखर्च, मग स्वतःची थोडी मिळकत आणि शेवटी मिळकतीत वाटा, असा हा प्रवास आहे.

हा इतिहास शंभर वर्षांपूर्वीचा म्हणून बाजूला ठेवता येत नाही. हरसूलसारख्या गावाच्या ग्रामपंचायतीचे अंदाजपत्रक आज कोणत्या टप्प्यावर उभे आहे, हे तपासले तर आपण अजून बहुतांशी पहिल्याच पायरीवर आहोत असे दिसते.

ग्रामपंचायतीचे अंदाजपत्रक

१९९३ मध्ये अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींना घटनात्मक स्थान दिले. त्या वेळी घटनेला जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत २९ विषय आहेत. त्यांतील दहावा विषय 'ग्रामीण गृहनिर्माण' हा आहे. म्हणजे गावातील माणसाला घर मिळणे हा पंचायतीच्या कक्षेतला विषय आहे, असे घटनाच म्हणते. विषय दिला, पण त्यासाठी पैसा किती दिला? हे पाहण्यासाठी अंदाजपत्रक उघडावे लागते.

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८ चा. त्यानुसार प्रत्येक पंचायतीला पुढील आर्थिक वर्षाच्या जमाखर्चाचे अंदाजपत्रक तयार करावे लागते. ग्रामपंचायतीच्या दप्तरात त्याला 'नमुना १' म्हणतात. घरोघरची कर आकारणी ज्या नोंदवहीत असते ती 'नमुना ८'. हे दोन नमुने वाचता आले तर गावाच्या तिजोरीचे निम्मे गूढ उकलते.

जमेच्या बाजूला प्रथम येते पंचायतीचे स्वतःचे उत्पन्न. घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती कर, आठवडे बाजाराची फी, गाळ्यांचे भाडे अशा बाबी त्यात मोडतात. त्यानंतर येतो वित्त आयोगाचा निधी. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी दिलेल्या अनुदानातील ६० टक्के रक्कम पाणीपुरवठा व स्वच्छता यांच्याशी बांधलेली आहे. उरलेली ४० टक्के गावाच्या गरजेनुसार खर्च करता येते, तीही आराखड्यात बसवून. आपला भाग अनुसूचित क्षेत्रात येत असल्यामुळे तिसरा प्रवाह पेसाचा आहे. आदिवासी उपयोजनेच्या निधीतील ५ टक्के रक्कम थेट ग्रामपंचायतींना देण्याचा निर्णय राज्य शासनाने एप्रिल २०१५ मध्ये घेतला.

खर्चाच्या बाजूला एक ओळ अशी आहे की ती आपल्यापैकी प्रत्येकाने शोधून पाहावी. पंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील १५ टक्के रक्कम मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च केली पाहिजे, असा नियम आहे. तो ऐकायला मोठा वाटतो. एक उदाहरण घेऊन पाहू. समजा एखाद्या पंचायतीचे स्वतःचे वार्षिक उत्पन्न पाच लाख रुपये आहे. त्याचे १५ टक्के म्हणजे पंच्याहत्तर हजार. एवढ्या रकमेत आज एक घरकुलही उभे राहत नाही. त्यातून वस्तीकडे जाणारी पायवाट, नळाची जोडणी किंवा गटाराची दुरुस्ती होऊ शकते. ती कामे मागितलीच पाहिजेत. पण घर त्यातून होत नाही, हे स्पष्ट आहे.

म्हणजे चित्र असे दिसते. घराचा विषय पंचायतीचा, पैसा मात्र वरून नेमून आलेला. घरपट्टीसारखी स्वतःची साधने आहेत, पण ती तोकडी आहेत. मोठ्या उत्पन्नात हक्काचा वाटा ही बाबासाहेबांनी वर्णिलेली तिसरी पायरी गावाच्या वाट्याला फार थोडी आली आहे.

घरकुल योजनांचा हिशेब

मग घरकुले कोणत्या पैशातून होतात? मुख्यतः तीन योजनांतून. २०१६ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीणमध्ये केंद्र आणि राज्य यांचा वाटा ६० आणि ४० टक्के असा आहे. सपाट भागात १ लाख २० हजार आणि डोंगराळ व दुर्गम भागात १ लाख ३० हजार रुपये, असे मूळ अनुदान या योजनेत ठरले. त्याशिवाय रोजगार हमीतून ९० ते ९५ दिवसांची मजुरी आणि शौचालयासाठी स्वतंत्र १२ हजार रुपये. अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबांसाठी राज्य शासनाने २००८ मध्ये माता रमाईंच्या नावाने रमाई आवास योजना सुरू केली. अनुसूचित जमातींसाठी २०१३ पासून शबरी आदिवासी घरकुल योजना आहे.

या रकमेतून किमान २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २६९ चौरस फुटांचे घर बांधायचे असते. १ लाख ३० हजाराला २६९ ने भागले तर चौरस फुटाला ४८३ रुपये पडतात. पाड्यापर्यंत वाळू, सिमेंट, सळई चढवून नेण्याचे भाडेही त्यातच. हा हिशेब मी मुलांना फळ्यावर करायला लावतो, कारण तो केला की 'घरकुल मिळाले' या शब्दांचा अर्थ कळतो. मिळते ते अनुदान. घर पूर्ण होते ते कुटुंबाच्या अंगमेहनतीने आणि बहुतेक वेळा उसनवारीने.

याहून अवघड अडचण जागेची आहे. अनुदान मंजूर होते, पण घर बांधायला स्वतःच्या नावावर जागा नसते. गावठाणाची हद्द जुनी, कुटुंबे वाढलेली, भोवती वनजमीन. भूमिहीन कुटुंबांना घरकुलाची जागा विकत घेता यावी म्हणून राज्य शासनाची पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी अर्थसहाय्य योजना आहे. तिच्यात ५०० चौरस फुटांपर्यंतच्या जागेसाठी आधी ५० हजार रुपयांपर्यंत मदत मिळत असे. पुढे ही मर्यादा एक लाखापर्यंत वाढवण्यात आली. ही योजना असूनही अनेकांना तिचे नाव ठाऊक नसते, आणि जागेअभावी मंजूर घरकुल कागदावरच राहते. गावठाण विस्ताराचा ठराव ही म्हणूनच घरकुलाची पहिली पायरी समजली पाहिजे.

वाढलेल्या किमतीवर कोणाचा हक्क?

येथवर आपण पाहिलेला पैसा हा शासनाच्या सर्वसाधारण तिजोरीतून येणारा आहे. पण गरिबांच्या घरासाठी निधी उभारण्याचा आणखी एक मार्ग जगभर वापरला जातो. तो समजायला आधी जमिनीच्या किमतीचा विचार करावा लागतो.

एखाद्या माळरानापर्यंत डांबरी रस्ता आला, पाण्याची जलवाहिनी आली, वीज आली, की त्या जमिनीची किंमत काही पटींनी वाढते. जमिनीच्या मालकाने त्यासाठी कुदळही मारलेली नसते. ही वाढ समाजाच्या पैशातून आणि मजुरांच्या श्रमातून निर्माण झालेली असते. तेव्हा त्या वाढीचा काही भाग समाजाने परत घ्यावा आणि त्यातून नागरी सोयी व परवडणारी घरे उभारावीत, असा हा न्यायाचा विचार आहे. विकास शुल्क, सुधार आकार, उपकर ही सारी त्याचीच रूपे. आपल्या ग्रामपंचायत अधिनियमातही पंचायतीच्या योजनेमुळे ज्या जमिनीला लाभ झाला तिच्यावर सुधार आकार बसवण्याची तरतूद आहे.

मुंबईने घालून दिलेला धडा

महाराष्ट्रात हा प्रयोग नवा नाही. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली. कोंदट वस्त्या हटवून शहर सुधारण्यासाठी १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. या ट्रस्टने रुंद रस्ते काढले, जुनी घरे पाडली आणि कामगारांसाठी काही चाळी बांधल्या. परळच्या अशाच एका बीआयटी चाळीत बाबासाहेबांचे कुटुंब १९१२ ते १९३४ अशी बावीस वर्षे राहिले. ज्या काळात ते प्रांतिक वित्तव्यवस्थेवर लिहीत होते, त्याच काळात त्यांचे घर सार्वजनिक पैशातून बांधलेल्या चाळीतील दोन खोल्यांत होते, ही गोष्ट इतिहासाच्या विद्यार्थ्याने लक्षात ठेवावी अशी आहे.

पुढे १९२० मध्ये गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांच्या काळात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, म्हणजे बीडीडी, हे खाते निर्माण झाले. गिरणी कामगारांसाठी ५० हजार खोल्या बांधण्याचा त्याचा संकल्प होता. पैशासाठी कर्ज उभारले गेले आणि मुंबईत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया कर बसवण्यात आला. ज्या कापसावर गिरण्या चालतात, त्याच कापसाने कामगाराच्या निवाऱ्याला हातभार लावावा, हे त्यातील तत्त्व. तत्त्व योग्य होते. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे मिळून २०७ चाळी उभ्या राहिल्या. प्रत्येक चाळीत ८० खोल्या, खोली सुमारे १६० चौरस फुटांची. म्हणजे साडेसोळा हजारांच्या आसपास खोल्या. संकल्पाचा तिसरा हिस्साच पुरा झाला. बांधकाम महाग पडले, भाडे कामगाराच्या आवाक्याबाहेर गेले, आणि सुरुवातीच्या वर्षांत अनेक खोल्या रिकाम्या राहिल्या.

या इतिहासातून दोन गोष्टी निघतात. उद्योगावर आणि जमिनीवर कर बसवून गरिबाच्या घरासाठी पैसा उभा करता येतो, ही एक. आणि नुसता पैसा उभा राहिल्याने घर परवडणारे होत नाही, ही दुसरी. घर कोठे बांधायचे, कसे बांधायचे, भाडे किती ठेवायचे, हे ठरवताना ज्याला राहायचे आहे त्याचा शब्द विचारात घेतला नाही, तर कर घेऊनही खोली रिकामीच राहते.

नाशिक शहरातील विकास शुल्क

आज हाच विचार शहरांत कायद्याच्या रूपाने अस्तित्वात आहे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ चा. त्यात १९९२ मध्ये विकास शुल्काचे स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले. बांधकाम परवानगी घेताना विकासकाला हे शुल्क भरावे लागते. आधी ते चौरस मीटरला ठरावीक रुपये असे होते. पुढे ते जमिनीच्या शासकीय मूल्यदर तक्त्याशी, ज्याला आपण रेडीरेकनर म्हणतो, जोडले गेले. त्यामुळे जमीन जितकी महाग तितके शुल्क अधिक. ही रक्कम वेगळ्या निधीत ठेवून त्या क्षेत्रातील सार्वजनिक सुविधांवर खर्च करायची असते.

शुल्काबरोबर दुसरा मार्ग आहे तो घरेच राखून ठेवण्याचा. नोव्हेंबर २०१३ मध्ये राज्य शासनाने दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या महापालिकांसाठी नियम केला. ४,००० चौरस मीटर, म्हणजे साधारण एक एकर वा त्याहून मोठ्या भूखंडावर गृहप्रकल्प करताना २० टक्के क्षेत्र दुर्बल व अल्प उत्पन्न गटासाठी ठेवायचे आणि ती घरे म्हाडामार्फत पात्र कुटुंबांना द्यायची. २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीतही हे तत्त्व कायम राहिले. एखाद्या प्रकल्पाचे मूळ चटईक्षेत्र ४,००० चौरस मीटर धरले, तर २० टक्के म्हणजे ८०० चौरस मीटर. चाळीस चौरस मीटरचे एक घर धरले तर वीस कुटुंबांची सोय झाली.

२०११ च्या जनगणनेनुसार नाशिक शहराची लोकसंख्या सुमारे १४ लाख ८६ हजार आहे, म्हणून हा नियम तेथे लागू होतो. तो नीट पाळला गेला का, हा प्रश्न २०२२ मध्ये विधान परिषदेत गाजला. राखीव घरे म्हाडापर्यंत पोहोचली नाहीत, मर्यादा चुकवण्यासाठी भूखंडांचे तुकडे पाडले गेले, असे आरोप तेव्हा झाले. नंतर म्हाडाच्या नाशिक मंडळाने या घटकातील घरांच्या सोडती काढल्या. नियम पुस्तकात असणे आणि किल्ली हातात पडणे यांत केवढे अंतर असते, हे त्या चर्चेने दाखवून दिले.

आता हरसूलकडे वळू. असे शुल्क आपल्या गावात आकारले तर? येथे एक मूलभूत फरक आहे. अनुसूचित क्षेत्रात आदिवासींची जमीन बिगर-आदिवासींकडे हस्तांतरित करण्यावर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कडक निर्बंध आहेत. ते असलेच पाहिजेत, कारण सावकारीत गेलेल्या जमिनींचा इतिहास आपल्यासमोर आहे. पण त्यामुळे येथे मोठे गृहप्रकल्प येत नाहीत आणि विकास शुल्काची मोठी रक्कमही जमा होत नाही. हरसूलच्या मजुराने घडवलेली इमारत नाशिकमध्ये उभी राहते. तिचे विकास शुल्क नाशिकमध्ये जमा होते आणि नाशिकच्याच सोयींवर खर्च होते. मजूर मात्र चैत्र-वैशाखात परत येतो तो कुडाच्या घरात.

इमारतीचा एक टक्का

या तुटलेल्या साखळीत एक दुवा मात्र कायद्याने जोडलेला आहे, आणि हा सगळा लेख त्याच्यासाठी लिहिला आहे असे म्हटले तरी चालेल. इमारत व इतर बांधकाम कामगारांसाठी संसदेने १९९६ मध्ये कायदे केले. त्यांनुसार बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर घेतला जाऊ लागला, वैयक्तिक वापराची लहान घरे त्यातून वगळून. हा पैसा कामगार कल्याणकारी मंडळाकडे जमा होतो आणि नोंदीत कामगारांसाठीच खर्च करायचा असतो. दहा कोटींच्या इमारतीवर हा उपकर दहा लाख होतो.

या निधीतून महाराष्ट्रात ज्या योजना चालतात त्यांत अटल बांधकाम कामगार आवास योजना ग्रामीणसाठी आहे. नोंदीत बांधकाम कामगाराला स्वतःच्या गावी घर बांधण्यासाठी दीड लाख रुपयांचे साहाय्य त्यात आहे. दहा कोटींच्या एका इमारतीच्या उपकरातून अशी सहा घरे होऊ शकतात. म्हणजे कापसाच्या गाठीवरच्या एक रुपयाचे तत्त्व आज इमारतीवरच्या एक टक्क्याच्या रूपाने जिवंत आहे, आणि तो एक टक्का शहरात न थांबता पाड्यापर्यंत येऊ शकतो. बाबासाहेबांच्या भाषेत सांगायचे तर येथे गावाच्या माणसाला उत्पन्नात वाटा मिळण्याची शक्यता आहे.

मग हा पैसा येत का नाही? कारण नोंदणी नसते. अठरा ते साठ वयाच्या कामगाराने गेल्या बारा महिन्यांत ९० दिवस बांधकामावर काम केल्याचे प्रमाणपत्र लागते. ते ठेकेदार देऊ शकतो, किंवा ग्रामीण भागात ग्रामसेवक, शहरी भागात पालिकेचा अधिकारी. नाक्यावर उभे राहून रोज वेगळ्या मुकादमाकडे जाणाऱ्या माणसाचे ९० दिवस कोण मोजणार? आणि स्त्रियांचे तर कोणीच मोजत नाही, कारण जोडीने कामाला गेल्यावर हजेरी नवऱ्याच्या नावाने लागते. जमा झालेला उपकर कामगारांपर्यंत पोहोचत नाही, याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये राज्यांना कडक शब्दांत सुनावले होते. पैसा कायद्याने जमा होतो आणि हक्कदार अज्ञानामुळे दूर राहतो, अशी ही स्थिती आहे.

ग्रामसभेत विचारायचे प्रश्न

अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला १९९६ च्या पेसा कायद्याने असे दोन अधिकार दिले आहेत, जे इतर गावांना हेवा वाटावा असे आहेत. गरिबी निर्मूलनाच्या योजनांचे लाभार्थी निवडण्याची जबाबदारी ग्रामसभेची आहे. पंचायतीने खर्च केलेल्या निधीचे विनियोग प्रमाणपत्रही ग्रामसभेकडूनच घ्यायचे आहे. म्हणजे यादी आणि हिशेब या दोन्हींची किल्ली ग्रामसभेत बसलेल्या माणसाकडे आहे. तेथे कोण बसतो आणि कोण बोलतो, हाच खरा प्रश्न. १९३२ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात ग्रामपंचायत विधेयकावर बोलताना बाबासाहेबांनी मागासलेल्या वर्गांना राखीव प्रतिनिधित्व नसेल तर पंचायतींना अधिकार देण्यास विरोध केला होता. आज प्रतिनिधित्व आहे. त्याचा वापर मात्र आपल्यालाच करावा लागेल.

२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा भरण्याचा परिपाठ आहे. आपल्या माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे की त्यांनी त्या दिवशी गावी असावे आणि पाच गोष्टी शांतपणे विचाराव्यात. नमुना १ वाचून दाखवाल का? स्वउत्पन्नाचे १५ टक्के गेल्या वर्षी कोणत्या कामावर गेले? घरकुल मंजूर होऊनही जागेअभावी अडलेली कुटुंबे किती, आणि गावठाण विस्ताराचा ठराव केव्हा घेणार? पेसाच्या ५ टक्क्यांतून आपल्या पाड्यासाठी काय धरले आहे? आणि बांधकामावर जाणाऱ्यांना ९० दिवसांचे प्रमाणपत्र देण्यासाठी ग्रामसेवक कोणत्या वारी बसतील?

या प्रश्नांना भांडणाचा सूर लागत नाही. ते अंदाजपत्रकाचे प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरे दप्तरात लिहिलेली असतात. उत्तर मिळाले तर ते वहीत लिहून घ्यावे. मिळाले नाही तर प्रश्न इतिवृत्तात नोंदवून घ्यावा.

ज्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाने या लेखाची सुरुवात झाली, त्याला मी पुढच्या सुट्टीत एक काम दिले होते. शंभर पानी वही घ्यायची, तीत आई आणि वडील दोघांचीही वेगवेगळी पाने करायची, आणि रोज रात्री तारीख, इमारतीचे ठिकाण, मुकादमाचे नाव आणि मजुरी लिहून ठेवायची. नुसत्या वहीवर प्रमाणपत्र मिळत नाही, पण प्रमाणपत्र मागायला जाणाऱ्याच्या हातात काहीतरी असावे लागते. सुट्टी संपल्यावर त्याने वही आणून दाखवली. वडिलांच्या पानावर ३१ दिवस भरले होते, आईच्या पानावर २८. वर्षाचे नव्वद व्हायला अजून दोन सुट्ट्या लागणार होत्या, आणि मधल्या दिवसांची नोंद करायला त्याने घरी धाकट्या बहिणीला शिकवून ठेवले होते.